व्यंग आणि शैली

थोर कलावंताची शैली म्हणजे त्याच्या प्रतिभेचेंच रूप, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु कांहीं शैलींचें मूळ शोधूं गेलें असतां प्रथम हातीं लागतें तें दुखरें मनगट, नाहीं तर भाजलेलें बोट!

हेन्री जेम्स या कादंबरीकाराचें मनगट लिहून लिहून इतकें दुखूं लागलें कीं, १८९७ सालीं त्यानें लेखणी ठेवून लेखनिकास मजकूर सांगण्यास प्रारंभ केला. लवकरच टंकलेखन-यंत्र आलें. रेमिंग्टन यंत्राच्या खटखटाटाची त्यास पुढें अशी संवय जडली कीं, निराळ्या आवाजाच्या यंत्रापुढें त्याची वाणी अडखळे. त्याच्या उत्तरकाळच्या कादंबऱ्यांतील तीं वळसे घेणारीं वाक्यें बोलत्या माणसाचीं आहेत. वर्गांत मोठ्यानें वाचलीं म्हणजेच तीं उलगडतात, हा माझा अनुभव. घरीं मुकाट्यानें वाचणाऱ्या विद्यार्थ्यास तीं रडवितात.

जॅन्गो राईनहार्ट या जिप्सी गिटारवादकाची गोष्ट याहून दारुण. १९२८ सालीं पॅरिसच्या वेशीबाहेर त्याच्या चाकांवरील घरास आग लागली आणि अठरा वर्षांच्या त्या पोराच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आंखडली. मग उरलेल्या दोन बोटांनींच तो दांडीच्या लांबीवरून वरखालीं धांवूं लागला. चारही बोटें शाबूत असलेले वादक आज ती चाल मुद्दाम दोन बोटांनीं घोटतात!

आतां आपल्या कुमार गंधर्वांकडे येऊं. क्षयानें त्यांचें एक फुप्फुस निकामी झालें. म्हणून त्यांच्या गाण्यांत तीं लहान लहान, उसळून येणारीं स्वरवाक्यें आलीं, असें सांगून मोकळे होणारे रसिक पुष्कळ आहेत. मला हें पटत नाहीं. अपुरा श्वास गाणें तोडील; कोठें तोडावें हें त्यास कसें कळावें? शिवाय दोन्ही फुप्फुसें धडधाकट असलेल्या त्यांच्या शिष्यांनींही तेंच वळण उचललें, याची वाट काय? आजारानें त्यांना दिलें असेल तर तें निराळेंच. १९४८ मध्यें ते देवासला आले आणि सुमारें पांच वर्षें त्यांना गाण्याची मनाई होती. गातां येत नव्हतें तेव्हां ते ऐकत होते. अंथरुणावर पडून त्यांनीं माळव्याचीं लोकगीतें ऐकलीं आणि त्या धुनांतून पुढें मालवती, लगनगंधार यांसारखे राग उभे राहिले.