सहाशे खिळ्यांची लिपी

१६०८ सालच्या डिसेंबरात गोव्याहून रोमला एक पत्र गेलं. लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, पण तोवर गोव्यात जवळजवळ तीस वर्षं मुरलेले. इथल्या भाषेत आणि इथल्याच अक्षरांत पुस्तक छापून निघावं ही आपली फार वर्षांची इच्छा असल्याचं त्यांनी जेझुइट संघाच्या प्रमुखांना कळवलं. अडचणही मोकळेपणाने सांगितली. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे केले की भागतं. इथे सहाशे करावे लागतील.

हा आकडा फुगवलेला नव्हता. रोमन अक्षरं एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर डोक्यावर मात्रा घेतं, पायाशी उकार घेतं, कुशीत दुसरं अक्षर सामावून घेतं. नुसता 'क' घेतला तरी त्याचा कु वेगळा, कृ वेगळा, क्त, क्र, क्ष आणखी वेगळे. 'तर्कीं' असा एक शब्द छापायचा तर 'क'च्या माथ्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशा तिघांना जागा द्यावी लागते, आणि तीही शिशाच्या एवढ्याशा खिळ्यावर. लेखणीला यात काहीच जड नाही. धातूला फार जड आहे.

छापखाना गोव्यात १५५६ सालीच पोचला होता. निघाला होता अॅबिसिनियाला, वाटेत गोव्याला उतरला आणि तिथेच राहिला. म्हणजे स्टीफन्सनी पत्र लिहिलं तेव्हा यंत्र येऊन पन्नास वर्षं उलटली होती. नव्हती ती अक्षरं. पुढे १६१६ साली रायतूरला त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, जवळपास अकरा हजार मराठी ओव्यांचं, आणि ते रोमन लिपीत. या भाषेवर इतका जीव असलेल्या माणसाला ती परक्या वेषात छापावी लागली, हे आजही वाचताना लागतं.

त्यानंतरची दोनशे वर्षं तशीच गेली. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मागणी करून १६७४ साली विलायतेहून एक छापणारा आणवला. त्याला छापता येत होतं, अक्षरं कोरता येत नव्हती. मिरजेत १८०५ साली गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. अख्खं पान एका पत्र्यावर. दुसरं पुस्तक काढायचं तर पुन्हा पहिल्या अक्षरापासून कोरायला बसायचं. सुटा, पुन्हापुन्हा वापरता येणारा खिळा हाच तर या कलेचा प्राण, आणि तो मिरजेच्या तांबटाकडे नव्हता.

तो होता बंगालमध्ये. श्रीरामपूरच्या मिशनमध्ये पंचानन कर्मकार आणि त्यांच्यानंतर मनोहर कर्मकार खिळ्यांचे ठसे कोरत. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली तिथूनच निघालं. पाच वर्षांनी त्यांचा मराठी कोश आला आणि तो चक्क मोडी खिळ्यांत छापलेला होता. मराठी माणसाचा रोजचा व्यवहार मोडीत चालतो हे केरींनी बरोबर हेरलं होतं.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत बाहेर पडलं. मराठी खिळ्यांचं खरं शिक्षण इथे सुरू झालं. छापखान्यात थॉमस ग्रॅहम नावाचे कारागीर तयार झाले आणि त्यांनी मराठी अक्षरांचे ठसे स्वतः कोरायला घेतले.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. करंगळीएवढी पोलादाची कांडी घ्यायची. तिच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, आरशात दिसतं तसं. 'ष'च्या पोटातली तिरपी रेघ, 'ळ'ची दोन वेटोळी, 'अ'चा मधला सांधा, सगळं कानशीने आणि छिन्नीने. मधूनमधून कांडीचं टोक दिव्याच्या ज्योतीवर धरायचं, काजळी धरली की कागदावर दाबायचं आणि उमटलेलं अक्षर पाहायचं. गाठ जाड वाटली तर पुन्हा कानस. मनासारखं झालं की कांडी तापवून पाण्यात विझवायची, मग ती तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची. तांब्यात उमटलेला खळगा म्हणजे मातृका. त्या मातृकेत शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार. एका मातृकेतून हजारो खिळे निघतात, पण कोरणाऱ्याचा हात पहिल्या कांडीवर चुकला तर ती चूकही हजारो वेळा छापली जाते.

याच छापखान्यात गणपत कृष्णाजी नोकरीला होते. भंडारी समाजातला हा माणूस, शाळेचा फारसा संस्कार नाही, पण नजर विलक्षण. मिशनमध्ये जे पाहिलं ते त्यांनी स्वतः उभं केलं: आधी शिळाछाप, म्हणजे दगडावर लिहून छापण्याची सोय, आणि पुढे खिळ्यांचा कारखाना. छापण्याचं यंत्र त्यांनी लाकडाचं करून पाहिलं, शाई घरी बनवली. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापून काढलं.

पंचांग ही निवड फार शहाणपणाची होती. तोवर पंचांग ज्योतिषी हाताने लिहीत आणि पाडव्याला लोक ते ऐकायला जात. तिथी, वार, नक्षत्र, मुहूर्त हे सगळं कुणीतरी सांगायचं आणि आपण ऐकायचं. छापील पंचांग घरात खुंटीला टांगलं गेलं आणि एकादशी कधी हे घरातल्या कुणालाही बोट ठेवून पाहता येऊ लागलं. विरोधही झाला. छापील कागदाला शिवायचं नाही असं मानणारे कर्मठ लोक होते, कारण शाईत चरबी असल्याचा संशय. त्यावर गणपत कृष्णाजींनी तुपात शाई खलून धर्मग्रंथ छापले असं सांगतात. लोकांच्या मनातली अढी त्यांनी वादावादी न करता, शाईच्या भांड्यात हात घालून सोडवली. या एका गोष्टीसाठी त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. इंग्रजी एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला. १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. मधल्या काळात, १८४२ साली, अमेरिकन मिशनचं 'ज्ञानोदय' सुरू झालं होतं. याच 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा, महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मुलगी चौदा वर्षांची होती असं सांगितलं जातं. ज्या अक्षरांना तिच्या आईबापांना हात लावू दिला नव्हता, तीच अक्षरं तिच्या शब्दांसाठी केसीतून, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतून, एकेक करून उचलली गेली. पुढे १८७३ साली 'गुलामगिरी', १८७७ साली 'दीनबंधु', १८८२ साली ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना'. पोथी नकलून घ्यायला नकलनवीस लागतो आणि तो कुणाची पोथी नकलील हे त्याच्या मर्जीवर असतं. छापखान्याला कागदाचे आणि छपाईचे पैसे मोजले की काम होतं. हा फरक लहान नव्हता.

पण या सगळ्यात एक लिपी मागे पडली. मोडी ही लेखणी न उचलता धावणारी लिपी. तिची अक्षरं एकमेकांना धरून चालतात, तिथे खिळे सुटे पाडायचे कुठे? केरींचा मोडी कोश झाला, शिळाछापावर मोडी छापता येत होती, सरकारी शाळांत ती पुढेही शिकवली गेली. तरी छापखान्यांनी बाळबोधच धरली, कारण तिचं प्रत्येक अक्षर सुटं उभं राहतं. शिवकाळापासून ज्या लिपीत राज्याचा हिशेब, करारमदार आणि घरची पत्रं लिहिली गेली, ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेतूनही गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडून वाचणारी माणसं आज शोधावी लागतात. सरकारने पुढे कारभारासाठीही बाळबोध ठरवली, पण छापखान्यात मोडी त्याआधीच मागे पडली होती. शिशाच्या खिळ्याला ती परवडली नव्हती.

ग्रॅहम यांच्या हाताखाली आणखी एक पोर शिकलं. १८३९ साली जन्मलेले जावजी दादाजी चौधरी वडील गेल्यामुळे लहानपणीच मिशनच्या छापखान्यात लागले, खिळे घासायला. ओतलेल्या खिळ्याला कडेने जो पत्रा उरतो तो घासून काढायचा, एवढंच काम. हजारो खिळे बोटांखालून गेल्यावर कुठलं अक्षर कुठे अडतं, कुणाचा काना ठेंगणा आहे, कुणाच्या वेलांटीचं टोक मोडतं, हे त्या बोटांना कळू लागलं असणार. १८६४ साली जावजींनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली मुंबईत, काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीत, निर्णयसागर छापखाना उभा राहिला. ठसे कोरायला होते त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू.

आरूंचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही. पण निर्णयसागरचं एखादं जुनं पुस्तक हातात घेऊन पाहावं. रेघेची जाडी सुरुवातीला एक आणि वळणावर दुसरी, बोरूच्या कापाने पडते तशी. गाठी भरीव, पण पोट मोकळं. शिरोरेघ पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे तुटत नाही. बारीक खिळ्यांत छापलेली संस्कृत टीकासुद्धा डोळ्यांना त्रास न देता वाचता येते. १८८६ साली सुरू झालेल्या 'काव्यमाला'तून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संस्कृत काव्यं संपादित करून काढली. पुढे वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकरांसारखे शास्त्री तिथे मुद्रितं तपासत. काशीच्या पाठशाळेत आणि जर्मनीतल्या विद्यापीठात संस्कृत शिकणारा विद्यार्थी ज्या अक्षरांवरून बोट फिरवत होता, ती मुंबईच्या एका गल्लीत, शाळा न पाहिलेल्या हातांनी घडवलेली होती.

या खिळ्यांनी हिंदीचा चेहराही बदलला. उत्तरेकडे अ, झ, ण या अक्षरांची वळणं निराळी होती. छापखान्यांत त्यांना कलकत्ता वळण म्हणत आणि आपल्याकडच्यांना मुंबई वळण. विसाव्या शतकात देवनागरीचं सरकारी प्रमाणीकरण झालं तेव्हा या तिन्ही अक्षरांत आणि ५, ८, ९ या आकड्यांत मुंबईचं वळण घेतलं गेलं. ल आणि श मात्र राहिले. मराठी ल आणि हिंदी ल अजून वेगळे ओळखू येतात.

सहाशेचा प्रश्न एवढ्याने सुटला नव्हता. इंग्रजी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला दोन केसी पुरत. मराठी जुळारी चार केसींच्या मधोमध उभा राही. डाव्या हातात स्टिक, उजवा हात सतत फिरता, नजर हस्तलिखितावर. कुठल्या घरात द्ध आहे आणि कुठल्या घरात द्भ, हे हाताला पाठ. पान छापून झालं की तेच खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरात टाकायचे. दिवसभर उभं राहून, काळ्या बोटांनी, शिशाच्या धुळीत. मराठीतली बहुतेक वर्तमानपत्रं, मासिकं आणि कादंबऱ्या दीर्घकाळ या उभ्या माणसांच्या पायांवर निघाल्या.

म्हणून ज्यांना रोज वर्तमानपत्र काढायचं होतं त्यांना खिळे कमी करण्याची तळमळ जास्त. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या घटवण्यात कितीतरी वेळ घातला. सावरकरांनी 'अ'लाच बाराखडी लावून अि, अी, अु सुचवले. त्या काळच्या कितीतरी मराठी पुस्तकांत ते दिसतात. कळा दाबून ओळी ओतणारं लायनोटाइप यंत्र आलं तेव्हा तर प्रश्न फारच टोकाला गेला, कारण त्या यंत्राला कळाच नव्वद. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हरी गोविल यांनी देवनागरी त्या नव्वदांत बसवली, पण जोडाक्षरांना अंग चोरावं लागलं. जुन्या लायनोवर छापलेल्या पानात क आणि त शेजारी उभे दिसतात, मिठी सुटलेले.

संगणकाने ती मिठी परत दिली. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ तक्त्याला १२८ जागा आहेत. तिथे क, हलन्त आणि त इतकंच साठवलं जातं आणि क्त कसा काढायचा हे फाँटवर सोपवलेलं असतं. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशींच्या हातचा, आणि जोशी मुळात कवी आणि सुलेखनकार. पोलादाची कांडी गेली तरी गाठ किती भरीव ठेवायची हा निर्णय अजूनही माणसाच्या नजरेलाच घ्यावा लागला.

एक अक्षर मात्र या नव्या केसीत घर शोधत राहिलं. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी इतकं अंतर. पापणीसारखा दिसणारा हा अर्धा र हिंदीला लागत नाही, संस्कृतला लागत नाही. १२८ जागांत त्याला स्वतःची जागा मिळाली नाही. तमिळसारख्या द्रविड भाषांमधला कठोर र देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेलं 'ऱ' हे नुक्ता लावलेलं अक्षर होतं. त्याला हलन्त जोडला की मराठीचा अर्धा र उमटेल अशी सोय झाली. आज मोबाइलवर 'शेतकऱ्यांना' असा शब्द लिहिणारा प्रत्येक जण नकळत त्या घरातून तो खिळा उचलतो.