कागद कोणाचा? : इंदापूरची मोजणी ते शेळगावची चावडी

इतिहास मी कॉलेजात शिकलो नाही. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक शेळगाव, अंथुर्णे, निमगाव केतकी या बाजूचं. चाळिशीत मोडी लिपीच्या वर्गाला जाऊन बसलो आणि तेव्हापासून जुन्या कागदांचा नाद लागला. तो नाद कळल्यामुळे मोटार न्यायला आलेला माणूस पिशवीतून एखादी पिवळी पडलेली नक्कलही बाहेर काढतो. शेळगावच्या अशाच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "आमच्या गावाचा सगळ्यात जुना कागद कुठं असंल? आन् त्यो आमाला बघू देत्याल का?"

प्रश्न दोन होते. पहिल्याचं उत्तर पुस्तकांत आणि दप्तरांत शोधता येतं. दुसऱ्याचं उत्तर शोधताना मला घरचीच एक गोष्ट सांगावी लागणार आहे. ती शेवटी सांगतो.

आधी पहिला प्रश्न. शेळगाव इंदापूर तालुक्यात आहे, आणि जमिनीच्या कागदाच्या इतिहासात इंदापूरचं स्थान साधं नाही. सर्व्हे नंबर, आकार, आकारबंद हे शब्द आज महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यात ऐकू येतात. त्यामागची मोजणीची पद्धत प्रथम या तालुक्यात अमलात आली, आणि तीही एक मोठी चूक निस्तरण्यासाठी.

पेशवाई १८१८ साली संपली. तोपर्यंत गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. कोणतं थळ कोणाचं हे थळझाड्यात, सालाची लावणी लावणीपत्रकात आणि जमाखर्च ताळेबंदात. हे कागद कुलकर्ण्याच्या घरी, रुमालात बांधलेले. वाचता येणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी. तरीही वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, साक्षी होत, निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि जमलेल्यांसमोर वाचला जाई. अक्षर न येणारे आपापल्या धंद्याची निशाणी करत. पाटलाचा नांगर, सुताराचं किकरं, न्हाव्याचा आरसा. मोडी शिकल्यावर असा महजर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मजकुराआधी माझी नजर त्या निशाण्यांवर खिळली. ज्यांना तो कागद वाचता येत नव्हता, त्यांना त्यात काय लिहिलं आहे हे ठाऊक होतं.

हा काळ सोन्याचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. लेखणी एका घरात आणि राबणं बाकीच्या घरांत अशी वाटणी होती. कुलकर्ण्याने काय लिहिलं याचा पडताळा घ्यायला दुसरा लिहिणारा सापडायचा नाही. बायकांच्या निशाण्या तर क्वचितच. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा त्यांचा एक रोख याच लेखणीच्या सत्तेवर होता.

इंग्रजी अंमलात पुण्याचे असिस्टंट कलेक्टर रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. इंग्लंडात शिकून आलेला हा तरुण अंमलदार अर्थशास्त्राच्या नव्या विचारांनी भारलेला होता. प्रत्येक शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची, पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे, असा त्यांचा हिशेब. कागदावर तो चोख होता. १८३० च्या सुमारास तो इंदापुरात लागू झाला आणि काही वर्षांतच तालुका बसला.

कारणं एकात एक गुंतलेली होती. मुळात आकार जड. त्यात पाऊस दगा देणारा, धान्याचे भाव पडलेले. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं कारण वेगळंच आहे. मोजणी आणि प्रतबंदी करणारे खालचे कामगार वरच्या साहेबाच्या नजरेआड होते. ज्याने हात ओला केला त्याची काळी जमीन कागदावर हलकी झाली आणि ज्याने केला नाही त्याच्या मुरमाला चांगली प्रत लागली. क्षेत्रं चुकली, प्रती चुकल्या, आणि त्या चुकांवर बारीक गणितं रचली गेली. चूक दाखवायची तर कागद पाहायला हवा, आणि तो कचेरीत. वसुलीसाठी रयतेचा छळ झाल्याचं पुढे सरकारी अहवालांनीच नमूद केलं. माणसं घरदार टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. शेतं पडीक राहिली.

१८३५ मध्ये हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हे अंमलदार इंदापुरात आले. लष्करातले इंजिनिअर लेफ्टनंट जॉर्ज विंगेट त्यांच्या जोडीला मिळाले. प्रिंगलचं जुनं काम त्यांनी तपासलं आणि ते भरवशाचं नाही हे दाखवून दिलं. १८३६ पासून इंदापुरात नवे, उतरलेले दर लागू झाले आणि ते ३० वर्षं बदलणार नाहीत अशी हमी देण्यात आली. निव्वळ उत्पन्नाचं बारीक गणित सोडून त्यांनी शेतांची आपसातली तुलना पत्करली. हीच रीत गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. मातीचा रंग-पोत आणि खोली पाहून नऊ प्रती करायच्या. सर्वांत उत्तम जमीन १६ आणे, सर्वांत हलकी २ आणे. आजही म्हातारा माणूस "आमचं रान बारा आण्याचं" म्हणतो, तेव्हा तो या हिशेबाची भाषा बोलत असतो.

म्हणून शेळगावच्या त्या शेतकऱ्याला मी सांगितलं, की पेशवाईतला कागद शोधायचा तर पुण्याच्या पुराभिलेखागारात जावं लागेल. तिथे रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत. एके काळी तेही अभ्यासकांना सहजी खुले नव्हते. गो. स. सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापले गेले, तेव्हा कुठे त्या दप्तराचा थोडा भाग सर्वांसमोर आला. गावाच्या जमिनीचे मोजणीचे कागद मात्र तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात शोधायचे. टिपण, गुणाकार बुक, शेतवार पत्रक, आकारबंद, आकारफोड. ही नावं त्याने माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली आणि बिडीबंडलाच्या कागदावर लिहायला लावली.

इंदापूरच्या पहिल्या हमीची मुदत संपली आणि १८६७ च्या सुमारास फेरआकारणीही याच तालुक्यातून सुरू झाली. आकार वाढला. कापसाची तेजी ओसरली होती आणि रयत सावकाराच्या वहीत अडकत चालली होती. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उद्रेक झाला. सुपे आज बारामती तालुक्यात येतं. तिथून दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांना हवी होती ती सावकारांची खतं आणि रोखे. ते मिळाले की जाळायचे, आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर थांबायचं. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातला मजकूर आपल्याला कधी वाचून दाखवला नाही, त्याच्याशी दुसरा व्यवहार त्यांना उरला नव्हता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचे दस्त गाव-निबंधकासमोर करण्याची सोय केली, ती याच धड्यातून.

पुढे १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला. मोजणीच्या कागदाला सारा कोणाकडून घ्यायचा एवढ्याशी मतलब होता. हक्कनोंदीत कूळ, गहाण, वाटणी, वहिवाट हेही आलं. आजचा सातबारा या दोन धारांचा संगम आहे. नमुना सात हक्काचा, नमुना बारा पिकाचा. हक्क बदलला की फेरफार घालायचा, चावडीवर नोटीस लावायची, हरकतीला १५ दिवस द्यायचे आणि मगच नोंद मंजूर करायची. ही नोटीस मला फार मोलाची वाटते. कागद बदलण्याआधी गावाला विचारायचं, ही गोतसभेची रीत तिच्यात निदान नावाला शिल्लक आहे.

लेखणीही हळूहळू घराण्यांच्या हातून सुटली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात ते १९५१ मध्ये झालं. ग्रामपंचायतीचा आजचा कायदा १९५८ चा. जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून. घराची नोंद पंचायतीच्या नमुना आठमध्ये, शेताची तलाठ्याकडे, मोजणीची भूमी अभिलेखकडे. एका माणसाचं आयुष्य तीन कपाटांत वाटलं गेलं आणि प्रत्येक कपाटाची किल्ली वेगळी.

किल्ली मागण्याचा हक्क मात्र फार उशिरा आला. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला, त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता. मग देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत, पानाला २ रुपये. यात नक्कल मागण्याइतकाच कागद समोर बसून पाहण्याचाही हक्क आहे, हे खेड्यात अजून फारसं कोणाला माहीत नाही. इंदापूरच्या रयतेजवळ १८३० मध्ये एवढा एक हक्क असता, तर मुरमाला काळ्या जमिनीची प्रत कशी लागली हे तिने कचेरीतच दाखवलं असतं.

आता घरची गोष्ट. माझी मावशी याच पट्ट्यातल्या एका गावात राहते. गावाचं नाव घेत नाही. सामाईक विहिरीवर तिची आठवड्यातून दोन दिवस पाण्याची पाळी. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात ती स्पष्ट होती. मावसा गेल्यावर चुलतदिरांनी एके दिवशी सांगितलं, की संगणकाच्या उताऱ्यावर अशी पाळी नाही. मावशी माझ्या दुकानात आली. म्हणाली, "आरं, माझं पाणी कागदावरनं गेलं म्हणत्यात. कागदावरनं पाणी जातंय व्हय?"

जातं. हस्तलिखित उतारे संगणकात घेताना कुणाच्या हातून एक ओळ सुटली होती. शासनालाही अशा चुकांची कल्पना होती, म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा लोकांसमोर वाचायचा आणि चूक असेल तर तिथेच सांगायची. मोठ्याने वाचलेला कागद आणि ऐकणारं गाव. महजराच्या दिवसांनंतर इतक्या उघडपणे गावाचं दप्तर वाचलं गेल्याचं मला तरी ठाऊक नाही. मावशीच्या गावातही ते झालं. त्या दिवशी ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली होती. चावडीवर बायका जात नाहीत, म्हणून तिला कोणी सांगितलंही नाही.

आणि मला ते माहीत होतं. वर्तमानपत्रात मी वाचलं होतं, दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलंही होतं. त्या आठवड्यात मी एका जुन्या मोडी कागदातला न लागणारा शब्द लावत बसलो होतो. मावशीला फोन करायचं मनातसुद्धा आलं नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या रयतेला कागद दाखवला नाही म्हणून हळहळणाऱ्या माणसाने स्वतःच्या मावशीला तिचा कागद वाचला जातोय हे कळवलं नाही.

जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल काढायला तीन हेलपाटे झाले. पहिल्या खेपेला संबंधित जागेवर नव्हते. दुसऱ्या खेपेला जुनं दप्तर सापडत नव्हतं. तिसऱ्या खेपेला मी लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला आणि कागद समोर बसून पाहायचा आहे असं लिहिलं. दप्तर सापडलं. त्यात ती ओळ होती, निळ्या शाईची, किंचित तिरकी. नकलेच्या आधाराने जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करण्याचा अर्ज गेला आणि काही महिन्यांनी पाळी उताऱ्यावर परत आली. मधल्या उन्हाळ्यात मात्र तिचं अर्धा एकर कडवळ वाळून गेलं. ते कोणत्याही कलमाने परत येत नाही.

उतारा हातात दिला तेव्हा मावशी म्हणाली, "वाच की मोठ्यानं." मी गट नंबर, क्षेत्र, आकार, सगळं वाचलं. पाळीची ओळ आली तशी ती म्हणाली, "ती परत वाच." चुलतदीर ओट्यावर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर तेही 'बरोबर आहे' म्हणाले.

शेळगावचा तो शेतकरी परवा पुन्हा आला. भूमी अभिलेखातून त्याने आपल्या गटाच्या टिपणाची नक्कल मिळवली होती. ती वाचून द्या म्हणाला. मी म्हटलं, दुकानात कशाला, रविवारी गावात येतो, पारावर चार माणसं जमवा. आणि घरातल्या बायकांनाही बोलवा, एवढं आठवणीने सांगितलं.