केतकरांचा ‘ब्रह्मा’

पहिला कागद 1911 सालचा. ‘ज्योतिर्गणित’कार व्यंकटेश बापूजी केतकर यांचे टिपण त्या वर्षी फ्रान्सच्या ज्योतिर्विद मंडळाच्या पत्रिकेत आले. नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यात म्हटले होते. नावेही दिली होती, ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्म्याचे सूर्यापासूनचे मध्यम अंतर 38.95 खगोलीय एकके, प्रदक्षिणाकाळ 242.28 वर्षे.

13 मार्च 1930 रोजी लॉवेल वेधशाळेने प्लुटो सापडल्याचे जाहीर केले. अंतर सुमारे 39.5, काळ सुमारे 248 वर्षे.

इतके जुळल्यावर ‘केतकरांनी प्लुटो वर्तवला’ असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. पण कागदात काय नाही, तेही वाचायला हवे. ग्रह आकाशात कोठे आहे, हे केतकरांनी दिलेले नाही. दुर्बीण रोखायची कोठे? वेधशाळेचे संस्थापक लॉवेल यांनी जागा सांगितली होती आणि प्लुटो तिच्यापासून सुमारे 6 अंशांवरच मिळाला. तरी त्यांचेही गणित टिकले नाही. त्यांना पृथ्वीच्या कित्येक पट जड ग्रह हवा होता. 1978 मध्ये शॅरन हा उपग्रह सापडला आणि प्लुटो पृथ्वीच्या जेमतेम 0.2 टक्के वस्तुमानाचा ठरला.

मग 242.28 आले कोठून? केतकरांचा आधार लाप्लासच्या सूत्राचा. गुरूच्या चंद्रांत आयोची कोनीय गती अधिक गॅनिमिडची दुप्पट म्हणजे युरोपाची तिप्पट. हेच सूत्र जसेच्या तसे युरेनस-नेपच्यूनला लावले, तर तिसऱ्या ग्रहाला सुमारे 317 वर्षे लागतात. जमत नाही. मी गुणक बदलून पाहिले: युरेनसची गती अधिक ब्रह्म्याची तिप्पट बरोबर नेपच्यूनची चौपट. उत्तर आले सुमारे 242.5. आकडेमोड पुन्हा तपासली, तेच.

हा अर्थात तर्क, पुरावा नव्हे. युरेनस-नेपच्यूनचे काळ किंचित वेगळे धरले, तर दशांशातला फरक मिटतो. एक खडा मात्र दाताखाली येतोच: केप्लरच्या नियमाने 38.95 अंतराला 243.1 वर्षे हवीत. म्हणजे दोन्ही आकडे एकाच आकडेमोडीतून निघालेले दिसत नाहीत.

आणि प्लुटोचे खरे नाते एकट्या नेपच्यूनशी, गतीच्या 2:3 प्रमाणाचे आहे. युरेनसचा त्यात भाग नाही. ब्रह्मा जमेस धरायचा, तर त्याच टिपणातला विष्णूही हिशोबात घ्यावा लागेल. तो आजतागायत कोणाला सापडलेला नाही.