‘सरासरी पॅकेज’ फसवं का असतं? पायथनमध्ये मध्यक असा काढा

प्रवेशाचा हंगाम आला की कॉलेजांच्या जाहिरातींमध्ये एक आकडा ठळक छापलेला दिसतो: ‘सरासरी पॅकेज ८.२ लाख’. पालक तो आकडा बघून फीचा हिशोब मांडतात, काही जण शैक्षणिक कर्जही काढतात. पण अशा ठिकाणी सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजेच मीडियन, जास्त उपयोगी पडतो. तो काढायला पायथनसारख्या प्रोग्रामिंग भाषेत जेमतेम दोन-तीन ओळी लागतात. मात्र उत्तर बरोबर यायचं असेल तर काही गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात.

मध्यक म्हणजे काय?

दिलेल्या संख्या चढत्या क्रमाने लावल्या की बरोबर मधोमध येते ती संख्या म्हणजे मध्यक. शाळेच्या गणितात मध्य, मध्यक आणि बहुलक हे तिघे सोबतच शिकवले जातात. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला सरासरी म्हणतो, तो मध्य.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वर्गातल्या नऊ जणांना नोकरी लागली. त्यांची वार्षिक पॅकेजेस लाखांत अशी आहेत: ३.२, ३.५, ३.६, ३.८, ४, ४.२, ४.५, ५ आणि ४२.

बेरीज होते ७३.८ आणि सरासरी ८.२ लाख. पण नऊपैकी आठ जणांना याहून कमी पगार आहे. ४२ लाखांच्या एकाच पॅकेजने सरासरी वर ओढली. मध्यक मात्र पाचव्या क्रमांकाचा, म्हणजे ४ लाख. तो ४२ चा आकडा उद्या ८४ झाला, तरी मध्यक जागचा हलणार नाही.

संख्या सम असतील तर?

नऊ संख्यांमध्ये मधली एकच असते. दहा असतील तर मधोमध दोन येतात. अशा वेळी त्या दोघींची सरासरी घ्यायची. वरच्या यादीत ४.४ लाखांचं आणखी एक पॅकेज आलं, तर पाचवी संख्या ४ आणि सहावी ४.२ असेल. म्हणून मध्यक ४.१.

पायथनमध्ये कसं करायचं?

पायथनमध्ये ‘स्टॅटिस्टिक्स’ नावाचं मॉड्यूल आधीपासूनच येतं. २०१४ साली आलेल्या ३.४ या आवृत्तीपासून ते भाषेचाच भाग आहे, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. पायऱ्या अशा (प्रत्यक्ष कोडमध्ये हे शब्द रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत लिहायचे):

१. पहिल्या ओळीत ‘इम्पोर्ट स्टॅटिस्टिक्स’ लिहा.
२. सगळ्या संख्या चौकटी कंसात, स्वल्पविराम देऊन, एका यादीत ठेवा.
३. ‘स्टॅटिस्टिक्स’, मग टिंब, मग ‘मीडियन’ असं लिहून पुढच्या गोल कंसात यादीचं नाव द्या.

यादी आधी क्रमाने लावायची गरज नाही, ते काम हे फंक्शन स्वतः करतं.

मॉड्यूल न वापरताही मध्यक काढता येतो. ‘सॉर्टेड’ने यादी क्रमाने लावा, ‘लेन’ने संख्या मोजा आणि तिला दोनने भागून अपूर्णांक सोडून द्या. नऊला दोनने भागल्यावर ४ उरतात. पायथन मोजणी शून्यापासून करतो, त्यामुळे स्थान ४ म्हणजे आपल्या हिशोबाने पाचवी संख्या. दहा संख्या असतील तर स्थान ४ आणि स्थान ५ यांची सरासरी घ्यायची.

उत्तर कुठे चुकतं?

सगळ्यात धोकादायक चूक अशी की जिथे प्रोग्राम काहीच तक्रार करत नाही. सीएसव्ही फाइलमधून आकडे थेट वाचले, तर पायथन त्यांना संख्या नाही तर मजकूर समजू शकतो. मजकूर शब्दकोशासारखा, एकेका अक्षराने लावला जातो. मग ९, १०, १२ यांचा क्रम १०, १२, ९ असा होतो आणि मध्यक १० ऐवजी १२ येतो! विषम संख्या असतील तर एररही दिसत नाही. सम असतील तर मात्र मजकुराला दोनने भागता येत नाही, म्हणून प्रोग्राम थांबतो. जावास्क्रिप्टमध्ये तर खऱ्या संख्या असल्या तरी ‘सॉर्ट’ त्यांना आपणहून मजकुरासारखंच लावतं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक आकडा आधी ‘फ्लोट’ या फंक्शनमधून काढा. विशेष म्हणजे देवनागरीत लिहिलेले अंकही पायथनचं हे फंक्शन ओळखतं. पण ‘४,५०,०००’ मधले स्वल्पविराम किंवा ‘४.५ लाख’ मधला ‘लाख’ त्याला चालत नाही, ते आधी काढून टाकावे लागतात.

रिकाम्या रकान्यांचं काय?

हा प्रश्न कोडचा कमी आणि निर्णयाचा जास्त आहे. समजा, वरच्या वर्गात नोकरी न मिळालेले आणखी तिघे आहेत. त्यांचे रकाने रिकामे ठेवले, तर डेटा हाताळणारी ‘पांडाज’ लायब्ररी ते मोजतच नाही आणि मध्यक ४ लाखच राहतो. तिघांचं पॅकेज शून्य धरलं, तर बारा जणांचा मध्यक ३.७ लाख होतो. गणित दोन्हीकडे बरोबर आहे, फक्त प्रश्न वेगळे आहेत. पहिलं उत्तर नोकरी लागलेल्यांबद्दल सांगतं, दुसरं संपूर्ण वर्गाबद्दल.

कॉलेज निवडताना याचा उपयोग काय?

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीची पहिली यादी २०१६ साली आली. तिच्यासाठी अभियांत्रिकी कॉलेजं जी माहिती देतात, त्यात नोकरी लागलेल्या पदवीधरांच्या पगाराचा मध्यक असतो, सरासरी नाही. सोबत किती जणांना नोकरी लागली, हेही दिलेलं असतं. हे दोन्ही आकडे एकत्रच वाचायला हवेत.

त्यामुळे कॉलेजच्या माहिती केंद्रात ‘सरासरी पॅकेज’ ऐकलंत तर दोन प्रश्न विचारा: मध्यक किती आहे? आणि तो वर्गातल्या किती मुलांचा आहे?