गाडीतून उतरणारा संशयित

धागा : भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) यांच्या डोंगरपट्ट्यातून पोटासाठी मुंबई गाठणे जुनेच. भात निघाले की हात रिकामे; मग गिरणी, गोदी, हमाली. शासनाच्या नजरेत मात्र हा माणूस केवळ कामगार नव्हता, रोगाचा संशयित वाहकही होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वेप्रवाशांना तपासण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. स्थानकांवर प्रवाशांना उतरवून काखा-जांघा चाचपल्या जात. तिसऱ्या वर्गाच्या वाट्याला ही झडती अधिक कठोरपणे येई. विसंगती अशी, की शोध गाठीचा होता. श्वासावाटे थेट माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या फुप्फुसाच्या प्लेगमध्ये गाठ दिसेलच असे नसते.

पुढे क्षयाविषयीही तीच धारणा राहिली : रोग शहराचा, दाटीच्या चाळींचा, गावी नेतो तो परतणारा कामगार. १९४६ च्या भोर समितीने (नाव अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचे, आपल्या तालुक्याचे नव्हे!) देशात २५ लाख रुग्ण आणि वर्षाला ५ लाख मृत्यू असा अंदाज मांडला. खाटा होत्या सुमारे ६ हजार.

मग १९५५-५८ ची राष्ट्रीय पाहणी झाली. फिरत्या क्ष-किरण यंत्रांनी शहरांत आणि खेड्यांत छात्या तपासल्या. पाहणीच्या सहा केंद्रांपैकी एकही महाराष्ट्रात नव्हते, तरी निष्कर्ष आपल्यालाही लागू पडणारा होता : खेड्यांतील क्षय शहरांपेक्षा फारसा कमी नव्हता. ठिकठिकाणी हजारी २ ते ८ जणांच्या थुंकीत जंतू आढळले. वेशीवर पहारा बसवून काय साधणार होते? रोग वेशीच्या दोन्ही बाजूंना होता.

त्याहून बोचरा पुरावा १९६३ चा. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील खेड्यांत रुग्णांनाच विचारले. थुंकीत जंतू असलेल्यांपैकी सुमारे निम्मे आधीच सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा शोध. रुग्ण लपत नव्हता; तो दारात उभा होता.

१९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने म्हणूनच खोकला घेऊन आलेल्याची थुंकी जवळच्या दवाखान्यात तपासण्यावर भर दिला. पण स्थलांतरिताची अडचण उरलीच. तेव्हाचे उपचार वर्षभर किंवा त्याहून अधिक चालत, आणि भातलावणी वर्षातून एकदा येतेच. मुंबईत औषध सुरू केलेला माणूस आषाढात गावी गेला, की त्याचे कार्ड मुंबईच्याच कपाटात राही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत आता ही नोंद रुग्णामागोमाग एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते.