लॅपटॉप अचानक बंद पडणे

लॅपटॉप अचानक बंद पडणे : वापरणाऱ्याने सांगितलेले नसताना आणि पडद्यावर कोणतीही सूचना न येता चालू लॅपटॉप बंद होणे. कारणे पुष्कळ असली तरी शोध बहुतेक वेळा चार जागी येऊन थांबतो : प्रोसेसरची उष्णता, थकलेली बॅटरी, अडॅप्टर व त्याची पिन आणि मदरबोर्डावरचा वीजपुरवठ्याचा भाग. सॉफ्टवेअरच्या दोषामुळे लॅपटॉप अडकतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो. पण क्षणात पडदा काळा होऊन दिवे, पंखा सगळेच थांबत असेल, तर सॉफ्टवेअरचा हात त्यात क्वचित असतो. तरीही दुकानात अनेकदा पहिला उपाय म्हणून फॉरमॅट मारला जातो. हे चूक आहे. त्यात फाइली जातात, पैसे जातात आणि आठवड्याभरात लॅपटॉप पुन्हा तसाच बंद पडू लागतो.

गावात यंत्र चालू ठेवण्याचा प्रश्न जुना आहे. कोडोली (ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर) आणि तिला लागून असलेले वारणानगर या भागात संगणक महाराष्ट्राच्या इतर ग्रामीण भागाच्या मानाने लवकर आला. 1998 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) हाती घेतलेल्या ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावे होती. गावच्या केंद्रातल्या पीसीवर साखर कारखान्याच्या सभासदाच्या उसाच्या नोंदी आणि हिशेब पाहता यावेत, अशी ती व्यवस्था. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातील प्रयोगशाळेने ‘वारणा अनवायर्ड’ या प्रयोगात 7 गावांत 8 महिने हेच काम साध्या मोबाइलवर, एसएमएसने करून दाखवले. ते पीसीपेक्षा स्वस्त पडले, सोयीचे ठरले आणि शेतकऱ्यांनाही अधिक पसंत पडले. गावात यंत्र आणणे सोपे, चालू ठेवणे खर्चाचे, हे या तुलनेत उघड झाले. लॅपटॉपने त्यातला एक प्रश्न सोडवला : स्वतःची बॅटरी असल्याने लाइट गेली तरी काम अडत नाही. म्हणूनच बॅटरी मेलेला लॅपटॉप तसाच वापरत राहणे या भागात फार महागात पडते. त्याचा विचार पुढे केला आहे.

कसा बंद पडतो, हे आधी पाहावे. दुरुस्तीला नेण्यापूर्वी लॅपटॉप कधी व कसा बंद पडतो, हे कागदावर लिहून ठेवणे हे निदानाचे सर्वांत मोठे साधन आहे. चालू केल्यावर किती वेळाने बंद पडला? तेव्हा पंखा जोरात फिरत होता का? चार्जर लावलेला होता का? बॅटरी किती टक्के दाखवत होती? लगेच परत चालू झाला, की थोडा गार झाल्यावरच झाला? नुसता पडदा काळा होऊन पॉवरचा दिवा लागलेलाच राहिला का? शेवटच्या प्रकारात लॅपटॉप बंद पडलेलाच नसतो. डिस्प्लेची केबल, बॅकलाइट किंवा ग्राफिक्सचा दोष असतो. झाकणाजवळच्या चुंबकीय सेन्सरमुळे लॅपटॉप झोपेत जाण्याचे प्रकारही होतात. चुंबक असलेले मोबाइलचे कव्हर कीबोर्डाच्या कडेला ठेवले, तर लॅपटॉपला झाकण मिटल्यासारखे वाटते.

विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर हे रोजनाम्याचे काम करते. तिथे ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली 41 क्रमांकाची नोंद असेल, तर लॅपटॉप रीतसर बंद न होता परत चालू झाला, एवढेच कळते. कारण कळत नाही. 1074 क्रमांकाची नोंद असेल, तर एखाद्या प्रोग्रॅमने, अपडेटने किंवा वापरणाऱ्याने बंद करण्याचा आदेश दिलेला असतो. मग हार्डवेअर उघडण्याची गरज नाही.

उष्णता : अर्धा तास चांगला चालून, ऑटोकॅड किंवा गेमसारखे जड काम सुरू होताच बंद पडणारा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू होणारा लॅपटॉप बहुधा तापलेला असतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचताच प्रोसेसर आपला वेग कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिले, तर चिप जळू नये म्हणून वीज तोडली जाते. म्हणजे हे बंद पडणे हा लॅपटॉपचा स्वतःला वाचवण्याचा उपाय आहे. तो दाबून टाकायचा नसतो, उष्णतेचे कारण काढायचे असते.

ते कारण साधारणपणे डोळ्यांना दिसत नाही. प्रोसेसरवरून निघालेली तांब्याची चपटी नळी उष्णता कडेच्या पातळ पत्र्यांपर्यंत नेते आणि पंखा त्या पत्र्यांतून हवा ढकलतो. पंखा व पत्रे यांच्या मधोमध धूळ आणि कापसाचे तंतू साचून नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून लॅपटॉप स्वच्छ दिसतो, पंखा फिरतोही, पण हवा बाहेर येत नाही. उसाच्या पट्ट्यात याला हंगामाची भर असते. गाळप चालू असण्याच्या महिन्यांत रस्त्यावरची धूळ, पाचट जाळल्याची राख आणि गुऱ्हाळाचा धूर घरात येतो. त्यानंतर लगेच मार्च ते मेचा उन्हाळा लागतो. साफसफाई एप्रिलच्या आधी करून घ्यावी, असे म्हणूनच सुचवावेसे वाटते. गादीवर, पांघरुणावर किंवा मांडीवरच्या उशीवर लॅपटॉप ठेवला, तर खालच्या हवेच्या खिडक्या बंद होतात. ही सवय घरोघरी आहे आणि ती मोडायला एक पैसाही लागत नाही.

सफाई करताना लॅपटॉप बंद करून बॅटरीची जोडणी काढावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. जोराच्या हवेने पंखा मर्यादेबाहेर फिरला, तर त्याचे बेअरिंग बिघडते. तीन-चार वर्षे जुन्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून तडकलेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी, पातळ लावावी. जास्त पेस्ट लावल्याने जास्त थंडावा मिळत नाही.

बॅटरी आणि गावची वीज : चार्जरवर नीट चालणारा, पण चार्जर काढताच किंवा 30–40 टक्क्यांवरून एकदम बंद पडणारा लॅपटॉप बॅटरीकडे बोट दाखवतो. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना 4.2 व्होल्ट देतो आणि 3 व्होल्टच्या आसपास त्याचे संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. सेल म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. मग जड काम आले आणि विजेची मागणी वाढली, की व्होल्टेज क्षणात खाली येते आणि पडद्यावर टक्के शिल्लक दिसत असतानाच सर्किट तुटते. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली गेला असेल, तर बॅटरी बदलणे हाच उपाय.

आता उलट प्रकार. बॅटरी पूर्ण मेली आहे, लॅपटॉप कायम चार्जरवर आहे आणि दिवसातून दोन-तीनदा बंद पडतो. अशा वेळी वापरणारा लॅपटॉपला दोष देतो, पण लॅपटॉप निर्दोष असतो. अडॅप्टर 100 ते 240 व्होल्ट चालवून घेतो, त्यामुळे 230 व्होल्टचे 180 झाले तरी त्याचे बिघडत नाही. पण लाइट डोळा मिटण्याइतकी जरी लपकली, तरी बॅटरीविना लॅपटॉप त्या क्षणी पडतो. घरात इन्व्हर्टर असूनही असे होते, कारण मुख्य विजेवरून बॅटरीवर जायला इन्व्हर्टर जो क्षणभराचा वेळ घेतो, तेवढाही अशा लॅपटॉपला जास्त होतो. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागे ‘यूपीएस’ असा खटका असतो. तो लावल्यास हा वेळ कमी होतो. मात्र खरा उपाय नवी बॅटरी हाच.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजांसह येतो. तेव्हा चार्जर आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवावीत. साधा स्पाइक बोर्ड जवळ पडलेल्या विजेपुढे टिकत नाही.

फुगलेली बॅटरी ही वेगळी गोष्ट आहे. टचपॅड वर उचलला गेला, तळाचे झाकण नीट बसेना, तर लॅपटॉप तत्काळ बंद करावा, चार्ज करू नये, बॅटरी टोचू वा दाबू नये. सेलमधला दोष किती दूर जाऊ शकतो, हे 2006 मध्ये दिसले. सोनीने बनवलेले सेल पेट घेऊ लागल्याने एकट्या डेलने तेव्हा सुमारे 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

अडॅप्टर : पिन हलवली की बंद, धरून ठेवली की चालू, असे असेल तर पिन सैल आहे किंवा आतल्या जॅकचा टाका सुटला आहे. बाजारातला स्वस्त चार्जर घेताना फक्त पिन बसते का एवढेच पाहिले जाते. व्होल्ट तेच आणि वॅट मूळ चार्जरइतके किंवा जास्त हवेत. 65 वॅटच्या लॅपटॉपला 45 वॅटचा चार्जर लावला, तर हलक्या कामात तो चालतो आणि जड कामात लॅपटॉप बॅटरी खाऊ लागतो. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येणे हे बहुधा घरात अर्थिंग नसल्याचे लक्षण आहे. त्याने लॅपटॉप सहसा बंद पडत नाही, पण अर्थिंग मात्र करून घ्यावे.

मदरबोर्ड : वेळ, तापमान, चार्जर यांचा काहीच मेळ बसत नसेल, किंवा चालू करताच दोन सेकंदांत बंद होत असेल, तर बोर्डावर शॉर्ट शोधावा लागतो. त्याआधी रॅम काढून, तिचे पट्टे पुसून परत बसवावी आणि दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावे. यूएसबीवरून लिनक्स चालवून पाहणे हीही चांगली चाचणी आहे : तिथेही बंद पडला, तर विंडोज निर्दोष. पावसाळ्याच्या दमट हवेत किंवा चहा-पाणी सांडल्यावर बोर्डावर हिरवट गंज चढतो आणि बिघाड महिन्यांनी दिसतो. सांडल्याबरोबर लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, आणि बॅटरी सुटी करून दुकानात उघडून धुऊन घ्यावा. उन्हात वाळवून चालू करून पाहणे धोक्याचे आहे. काही दोष कारखान्यातूनच येतात. 2008 मध्ये एनव्हिडियाने काही लॅपटॉप ग्राफिक्स चिपांतील दोष मान्य करून वॉरंटी व दुरुस्तीसाठी कोट्यवधी डॉलर बाजूला ठेवले होते. अशा चिपा तापवून ‘रिबॉल’ केल्याने, म्हणजे खालचे टाके नव्याने घातल्याने, काही महिने चालतात, पण दोष चिपच्या आत असल्याने तो परत येतो. जुन्या लॅपटॉपवर असा खर्च करू नये.

चिप लेव्हलचे काम कोल्हापुरात करायला देण्याआधी एसएसडी किंवा हार्ड डिस्क काढून घ्यावी. बाहेरच्या केसमध्ये घालून ती दुसऱ्या संगणकाला यूएसबीने जोडता येते आणि प्रकल्प, फोटो, हिशेब बोर्ड बिघडलेला असतानाही उतरवून घेता येतात. डिस्क कूटबद्ध असेल, तर त्यासाठी बिटलॉकरची 48 अंकी की लागते; ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घेऊन मगच लॅपटॉप हातचा सोडावा.