भरधाव दुचाकीस्वार आणि ठाण्याचा तुरुंग

नरक चतुर्दशीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणाईचा जो मेळा भरतो, तो ज्याने पाहिला नाही त्याने डोंबिवली पाहिली नाही असेच आम्ही म्हणतो. अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे लेऊन, गणपतीला नमस्कार करून मुले-मुली तेथे जमतात. ठाण्यात हाच थाट तलावपाळीवर असतो. पुढे पाडवा येतो, आणि घरोघर नव्या मोटारसायकलीला झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून तिची पूजा होते. त्याच संध्याकाळी फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या मंडळींत हमखास एक वाद निघतो. बाहेरून एखादी गाडी कानठळ्या बसवीत निघून जाते, आणि आजोबा म्हणतात, "या कार्ट्यांना तुरुंगातच टाकले पाहिजे!" चकलीचा तुकडा मोडीत मामा म्हणतो, "अहो, तरुण रक्त आहे. दंड करावा, सोडून द्यावे." ज्या आईचा मुलगा अजून घरी परतलेला नसतो, ती मात्र काहीच बोलत नाही.

या वादात नेमका न्याय कोणाकडे आहे? मी कायद्याचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे आणि चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, एवढीच माझी पुंजी. पण या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो मोठा मौजेचा आहे. त्याचे बरेचसे धागे आपल्या ठाणे-कल्याणच्या वाटेवरच सापडतात.

प्रथम फार जुनी गोष्ट. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाड्यांच्या अपघातांविषयी काही श्लोक आहेत. ज्या ग्रंथाची होळी १९२७ साली महाडला झाली आणि योग्यच झाली, त्यातले हे एक लहानसे प्रकरण केवळ इतिहास म्हणून पाहावे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, किंवा गाडीवानाने 'बाजूला व्हा' अशी आरोळी दिली होती, तर त्याला शिक्षा नाही, असे तेथे सांगितले आहे. अशी दहा निमित्ते दिली आहेत. माझे लक्ष मात्र पुढच्या भागाने वेधले. हाकणारा अनाडी असून गाडी भलतीकडे गेली, तर दंड गाडीच्या मालकाला, दोनशे पणांचा! हाकणारा तरबेज असेल तर मात्र दंड त्याचा त्याला. अनाड्याच्या हाती कासरा देणारा हाच खरा अपराधी, हे तत्त्व आपल्याकडे इतके जुने आहे. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

ही बैलगाडीच्या काळची गोष्ट झाली. घोड्यालाही मागे टाकणाऱ्या वेगाचा पहिला जाहीर अनुभव या देशाने घेतला तो ठाण्याच्याच वाटेवर. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन ठाण्याला निघाली, तेव्हा एकवीस तोफांची सलामी झाली. पुढच्याच वर्षी रेल्वे कल्याणला पोचली. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांत असतो आणि मुले तो पाठ करतात. पण त्या वेगाची एक गोष्ट पुस्तकांत सहसा नसते. तो वेग कोणा एकाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. त्याच्यापुढे सिग्नल होता, निशाणवाला होता, आणि चालकावर नियमांचा कासरा होता. १८९० च्या रेल्वे कायद्याने तर स्पष्टच सांगितले की, ज्या रेल्वे नोकराने नियम मोडून किंवा बेफिकिरीने वागून कोणाची सुरक्षितता धोक्यात आणली, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल. धोक्यात आणली, एवढेच. कोणी मेलेच पाहिजे अशी अट नाही. आजच्या १९८९ च्या कायद्यातही हीच तरतूद आहे. ठाण्याहून कल्याणला जाणाऱ्या लोकलमध्ये आपण डुलक्या घेत निश्चिंत बसतो, त्याला हेही एक कारण आहे.

रस्त्याचे काय? येथे वाचकांना थोडे आश्चर्य वाटेल. भरधाव स्वाराला तुरुंग ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले २७९ वे कलम पाहा. सार्वजनिक रस्त्यावर जो कोणी माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे वाहन हाकील किंवा स्वारी करील, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या वेळी मोटारसायकल कोणाच्या स्वप्नातही नव्हती. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होती ती बग्गी, आणि गर्दीतून घोडा फेकणारा स्वार. हजार रुपये म्हणजे तर त्या काळी सामान्य घराने कधी एकत्र न पाहिलेली रक्कम. दंडही तुरुंगाइतकाच जबर होता. पुढे १८७० साली ३०४-अ हे कलम त्यात घातले गेले, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठरली.

विलायतेत याच सुमारास काय चालले होते? १८६५ च्या तिथल्या कायद्याने वाफेच्या गाड्यांना गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल एवढीच मुभा होती, आणि पुढे एका माणसाने चालत जायचे! जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातल्या वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाने दोन मैलांच्या हद्दीत ताशी आठ मैलांनी मोटार हाकली. सायकलवरून एका शिपायाने त्याचा पाठलाग केला आणि त्याला गाठले. अतिवेगाबद्दल शिक्षा झालेला पहिला मोटारवाला तो हाच, असे मानतात. त्या वेगाबद्दल त्याला दंड झाला एक शिलिंग. आज आपण हसतो, पण त्या एका शिलिंगाने एक पायंडा पडला. वेग हा दंड भरून मोकळे होण्याचा अपराध ठरला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने हीच दोन खाती कायम केली. नुसत्या अतिवेगाला दंड, आणि धोकादायक हाकण्याला दंड किंवा कैद.

तेव्हा हा भेद फारसा कोणाला जाचला नसेल, कारण दुचाकी वेगाची नव्हतीच. पन्नाशीच्या दशकात आपल्या शेजारच्या भांडुपला लँब्रेटा स्कूटर तयार होऊ लागली. पुढे पुण्याजवळच्या आकुर्डीची बजाज आली. १९७२ च्या चेतकसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. मुलगा पुढे उभा, वडील हाकताहेत, आई मागे एका बाजूला पाय सोडून मांडीवर तान्हे घेऊन बसली आहे, असे ते चौघांचे वाहन. त्याला वेग कुठून असणार! १९८५ च्या सुमारास शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या आल्या, २००१ पासून त्याहून दांडग्या आल्या, आणि दुचाकी कुटुंबाची राहिली नाही, ती मुलाची झाली. त्याच काळात आपली गावेही स्टेशनपासून दूर पसरत गेली. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला वस्त्या उभ्या राहिल्या, घोडबंदर रोड रुंद झाला. ज्याच्या नावातच घोडा आहे त्या रस्त्यावर आज रात्री किती घोड्यांची ताकद एकेका पोराच्या मुठीत असते!

पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम मी वर्गात मुलांना सांगतो. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. मुले वहीत लिहून घेतात, गुणही मिळवतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, अशी सरकारची नोंद आहे. त्यांतले शंभरात चौरेचाळीसांहून अधिक दुचाकीवरचे होते, आणि शंभरात एकाहत्तर मृत्यूंच्या खाती कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. हेल्मेट नव्हते म्हणून मेलेले पन्नास हजारांवर. ज्याला आपण तरुण रक्त म्हणून सोडून देतो, ते रक्त बहुतेक वेळा त्याचे स्वतःचेच सांडते.

आता तुरुंगाकडे वळू. ठाणेकरांना तुरुंग कुठे आहे हे सांगावे लागत नाही. १७३० साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला आणि १७७४ साली इंग्रजांच्या हाती गेलेला किल्ला, तोच आपला मध्यवर्ती कारागृह. पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे येथूनच सप्टेंबर १८१६ मध्ये निसटले. एका मोतद्दाराने खिडकीखाली गाणी म्हणत त्यांना निरोप पोचवला, असे सांगतात. वासुदेव बळवंत फडके येथे कैदेत होते. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना येथेच फाशी झाली. अशा भिंतींआड रात्री दीड वाजता गाडीची शर्यत लावणारे एकोणीस वर्षांचे पोर बसलेले पाहून मनाला कसेसेच होते, हे कबूल करावे लागेल. शिवाय आज त्या कारागृहात क्षमतेपेक्षा पुष्कळ अधिक माणसे कोंबलेली आहेत. सराईतांच्या संगतीत सहा महिने काढून पोर काय शिकून बाहेर येईल, हे मास्तराला सांगण्याची गरज नाही.

तरीही आजोबांचे म्हणणे मी सर्वस्वी फेटाळणार नाही. कारण आजची व्यवस्था मला अन्यायाची वाटते, आणि तो अन्याय सौम्यपणाचाही नाही, कठोरपणाचाही नाही, तो दैवावर सोडल्याचा आहे. दोन मुले एकाच रात्री, एकाच रस्त्यावरून, एकाच वेगाने जातात. एकाच्या वाटेत कोणी आले नाही. त्याला कॅमेऱ्याने टिपले, हजारभर रुपयांचे चलान मोबाइलवर आले, आणि ते थकवून तो लोकअदालतीच्या तडजोडीची वाट पाहत बसला. दुसऱ्याच्या वाटेत दूध आणायला निघालेला म्हातारा आला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोघांच्या मनात पाप सारखेच, फरक फक्त त्या म्हाताऱ्याच्या घरातून निघण्याच्या वेळेचा! इंजिनचालकाला कायदा असे म्हणत नाही की, आधी गाडी रुळावरून घसरू दे, मग पाहू.

पळून जाणाऱ्यांसाठी दहा वर्षांची तरतूदही त्याच कलमात घातली होती. जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारवाल्यांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. वर्षांचा आकडा फुगवला की असेच होते. इटलीच्या बेक्कारियाने १७६४ सालीच लिहून ठेवले की, गुन्हा रोखते ती शिक्षेची क्रूरता नव्हे, शिक्षेची खात्री. वर्गात पंचवीस वर्षे काढलेल्या कोणाही शिक्षकाने हे न वाचताच सांगितले असते.

म्हणून माझे मत असे. नुसती वेगमर्यादा ओलांडली म्हणून कोणाला कैद नको. त्याचा परवाना काढून घ्यावा. अतिवेगाबद्दल निदान तीन महिने परवाना निलंबित करा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच राज्यांना बजावले आहे. ज्याला डोंबिवलीहून तीन महिने रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागेल, तो चलान विसरेल पण ती रांग विसरणार नाही. मात्र ज्याने सार्वजनिक रस्ता शर्यतीचे मैदान केले, किंवा परवाना गेल्यावरही पुन्हा तेच केले, त्याला तुरुंग हवाच, आणि कोणी मरण्याची वाट न पाहता हवा. फार नको. पंधरा दिवस पुरेत, पण चुकता कामा नयेत. शर्यतीसाठी तीन महिन्यांपर्यंत कैद २०१९ च्या सुधारणेने ठेवलेलीच आहे.

पुण्यात मे २०२४ मध्ये एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दुचाकीवरची दोन तरुण माणसे गेली, आणि जामिनाच्या अटींत त्याला रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले. सारा महाराष्ट्र संतापला. मला संतापाबरोबर थोडा अपमानही वाटला. निबंध ही शिक्षा आहे, असे आम्ही मुलांना कधी शिकवले नव्हते.

आणि आता ती मनूच्या मालकाची गाठ. २०१९ पासून १९९-अ हे कलम आले आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. दहावीच्या निकालाला मोटारसायकल कबूल करणाऱ्या बापांनी पाडव्यापूर्वी हे वाचावे. पण हे कलम अल्पवयीनापाशी थांबते, तेथे ते मला अपुरे वाटते. जेवणाचे डबे आणि किराणा झटपट पोचवण्याची हमी देऊन जे पोराला घड्याळाशी बांधतात, त्यांच्या गाडीची वेसण नेमकी कोणाच्या हाती असते? ते पोर वीस-बावीस वर्षांचे असते. ऑर्डर उशिरा गेली तर कमाई कमी होईल, या भीतीने ते मानपाडा रोडवर उलट्या दिशेने घुसते. पोलीस त्याला धरतात, चलान त्याच्या नावावर फाटते, आणि हमी देणारा मात्र आपल्या जागी सुखरूप बसलेला असतो.  फराळाच्या ताटावरून उठून आपणच मोबाइलवर पाव किलो बटाटे मागवतो, आणि दारात येणाऱ्या त्या मुलाच्या डोक्यावर हेल्मेट आहे की नाही, हे आपण पाहतही नाही.